रकाना अकरा

ताळगावच्या पठारावर दुपारी वारा असा सुटतो
की परिपत्रकावर काहीतरी जड ठेवावं लागतं.
मी स्टेपलर ठेवते, नाहीतर जेवणाचा डबा.
आज सुलक्षा वेळीपचा पासपोर्ट ठेवलाय,
नवाकोरा, एकही शिक्का नसलेला.

परिपत्रक अकरा पानांचं.
सरकार आधी पैसे द्यायचं, मागून हिशेब मागायचं.
आता आधी हिशेब, पैसे मागून,
तेही परत आल्यावर, बोर्डिंग पास जोडून.
पाच महिन्यांचं सत्र नियमात बसत नाही,
बेचाळीस दिवस बसतात.
प्राधान्याच्या विषयांत सायबर सुरक्षा आहे, वारसा पर्यटन आहे,
जुनी पोर्तुगीज हस्तलिखितं नाहीत.

इझिल्दा मॅडमचा वरून फोन: कितेंय कर गो, बाय.

बत्तीस वर्षं मी अर्ज नियमात बसवते आहे,
आई मेरशीच्या घरी
आखूड झालेले ब्लाउज उसवून बसवायची, तसे.
तर उसवलं.
हस्तलिखित-वाचनाचं केलं 'वारसा दस्तऐवज डिजिटायझेशन',
उरलेले साडेतीन महिने ऑनलाइन दाखवले,
लिस्बनला लिहिलं, क्रेडिटं आठ नकोत, बारा हवीत.
तिथं उजाडलं, इथं आमचा दुपारचा चहा झाला,
मग उत्तर आलं. बारा दिली.
खाली एक ओळ: थंडी फार आहे, मुलीला कोट आणायला सांगा.

कोटाची तरतूद कुठल्याच पानावर नाही.

सुलक्षा खोल्याहून तीन बस बदलून आली.
साडेतीन लाख आधी पदरचे घालायचे.
आईची मिरची चांगली गेली यंदा, पण मिरची ती किती?
पतसंस्थेनं विचारलं, तारण काय?
घर आहे, पण जमीन वनखात्याच्या नकाशात.
हे सगळं तिनं बसचं तिकीट किती पडलं
अशा आवाजात सांगितलं.
मग विचारलं, बाई, बोर्डिंग पास हरवला तर?

आमच्या वाड्यावरचे चौघे गेले लिस्बनला,
आज्याच्या जन्मदाखल्यावर. तिथून लंडन, हॉटेलात भांडी घासायला.
त्यांना कुणी रकाना अकरा भरायला लावला नाही.
त्यांचे आजे वहीत होते.
सुलक्षाचा पणजा डोंगरावर होता.

रकाना अकरा: परतल्यानंतरची फलनिष्पत्ती,
मोजता येईल अशी, किमान तीन.
तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं:
एक नाव.

कुणाचं गे?
म्हणाली, आमच्या वाड्याचं.
त्या काळी गावांची यादी केली,
त्यात आम्ही 'डोंगरावरचे इतर' म्हणून आहोत.
छापील सूचीत एवढंच. मूळ कागद तिथं आहे.
त्यावर समासात काही खोडलंय म्हणतात.
मला ते खोडलेलं वाचायचंय.

मी म्हटलं, लिहिणाऱ्याला ऐकू आलं नसेल नीट.
ती म्हणाली, आलं असेल, बाई.
वरून नमुना आला असेल.

मी चष्मा पुसला. धूळ नव्हती फारशी.

मग टाइप केलं:
चारशे पानं स्कॅन. एक कार्यशाळा. एक अहवाल.
साहेबांनी सही केली, न वाचता, म्हणजे प्रेमानं.
पतसंस्थेच्या जामीनपत्रावर मी केली, वाचून.
कोट भावाचा आहे, जहाजावरचा.
बाह्या लांब होतील, पण ऊब आहे.

पेन्सिलीचं ते मी खोडलं नाही.
आमच्या स्कॅनरला पेन्सिल दिसत नाही.
मंत्रालयात गेलेल्या प्रतीत तिथं कोरी जागा आहे,
मूळ कागद कपाटात, खालच्या खणात,
कुणी कधी आलंच शोधायला तर.

साडेचारची बस होती तिची.
जाताना तिनं पासपोर्ट उचलला
आणि अकराच्या अकरा पानं
खोलीभर झाली.